साडेसहाची सुनावणी

हरकत क्रमांक ४: "प्रस्तावित रस्ता माझ्या ओसरीवरून जातो, त्यास माझी हरकत नाही. मात्र तो शेजारी श्री. घाटोळे यांच्या ओसरीवरून नेल्यास अधिक सरळ होईल, असे नम्रपणे सुचवतो."

हरकत क्रमांक ५, श्री. घाटोळे: "वरीलप्रमाणेच, उलट."

अमोनियावर काढलेल्या नकाशांचा वास केसांत तीन दिवस राहतो. चौथ्या दिवशी नवे नकाशे येतात.

तांदळाची पेज, पाण्याइतकी पातळ. ती कोणी पीत नाही.

एक निळी रबरी चप्पल. बसस्टँडमागच्या माझ्या खोलीच्या नळावर मी तिचा तळ विटेच्या तुकड्याने घासते आहे. निघत नाही.

नेरपारच्या पहिल्या विकास आराखड्यावर साठ दिवसांत एकही हरकत आली नव्हती. फाईलवर शेरा आहे: "नागरिक समाधानी." तो आराखडा ज्या खोलीत लावला होता, तिची किल्ली हेडक्लार्कच्या घरी असायची.

"पट्ट्यावर रिकाम्या हातानं उभं राहत नाहीत." हे वाक्य अजून कोणी बोललेलं नाही. पण ते बोललं जाणार आहे, म्हणून इथे ठेवते.

*

श्रावणजी बारापात्रे नकाशापुढे उभे होते आणि त्यांचं बोट नदीपासून सुरू होऊन मारुतीच्या देवळापर्यंत येऊन थांबलं होतं.

"बाई," ते म्हणाले, "आमचा पट्टा कुठं गेला?"

हे १९८६ साल. जानेवारी. नेरपार नगरपालिकेच्या नगररचना शाखेत मी अनुरेखक होते, म्हणजे दुसऱ्यांनी ठरवलेल्या रेषा शाईने काढणारी. वय तेवीस, गाव वर्धा, नोकरीला दहा महिने झालेले. मार्चअखेर साहेबांचा अहवाल गेला की कायम होणार होते. या वेळी आराखडा कुलपात नव्हता. आमचे उकिडवे साहेब पुण्याहून आलेले. त्यांनी तो खालच्या व्हरांड्यात, जन्ममृत्यूच्या नोंदीच्या खिडकीशेजारी लावायला लावला होता. जन्म नोंदवायला आलेला माणूस जाताजाता आपल्या घरावरून रस्ता गेलाय का ते बघून जायचा. हरकती दोनशे बारा आल्या. हेडक्लार्क म्हणायचे, ही साहेबांच्या व्हरांड्याची फळं.

मी श्रावणजींना पट्टा दाखवला. कोष्टीपुऱ्यामागची लांबट चिंचोळी जागा, नकाशात पांढरी. भोवती लाल रेघ: आरक्षण क्र. १७, दुकान संकुल.

"पांढरं म्हंजे?"

"मोकळी जागा."

ते चष्मा काढून पुन्हा जवळून बघायला लागले, जणू नीट बघितलं तर काहीतरी दिसेल. "मोकळी तं नाही न ते," ते हळू म्हणाले.

मग ते वर साहेबांकडे गेले. मीही गेले, कारण हरकतींची नोंदवही माझ्याकडे होती. श्रावणजींनी एक्केचाळीस सह्या-अंगठ्यांचा कागद ठेवला. त्यावर एवढंच होतं की पट्ट्यावर पिढ्यान्‌पिढ्या पाजण होते, दुकानं झाली तर माग बंद पडतील. साहेबांनी तो पूर्ण वाचला. पाजण म्हणजे काय ते विचारलं. श्रावणजींनी सांगितलं: मागावर चढवायच्या आधी ताण्याचे, म्हणजे उभे, धागे लांबच लांब ताणायचे, त्यांना पातळ पेजेची खळ पाजायची आणि ताणलेले असतानाच सुकवायचे. नाहीतर धागा मागावर तुटतो. साहेबांनी मान हलवली आणि विचारलं की त्या जागेचा सातबारा, कराची पावती, काही कागद आहे का.

"धाग्याची पावती कोन देते साहेब?"

उकिडवे साहेब वाईट माणूस नव्हते. पण कागदाच्या बाहेरचं जग त्यांना दिसत असलं तरी ते त्याच्यावर सही करू शकत नव्हते. सर्वेक्षणाच्या वहीत जागा मोकळी लिहिली आहे, ते म्हणाले. वही खोटी म्हणायची तर पुरावा लागेल. सुनावणी मिळेल, तेव्हा घेऊन या. कागदाला क्रमांक पडला: एकतीस.

जिन्यात मी श्रावणजींना गाठलं. पाजण किती वाजता करता, एवढंच मला विचारायचं होतं.

"पाहाटे. ऊन चढाच्या आत. तुमचं हापिस उघडते तवा आमचा धागा गुंडाळून घरात गेला असते." मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "येऊन पाहा न एक दिवस. कोनी नाही म्हनलं?"

*

मी दुसऱ्याच दिवशी गेले.

अंधार नुकता फिकट होत होता. आणि ती पांढरी जागा रंगीत होती. देवळाजवळच्या खुंट्यापासून नदीकडच्या खुंट्यापर्यंत, ऐंशी हात लांब, गुडघ्याहून थोडा वर, धाग्यांचा एक पाट ताणलेला होता. मधूनमधून बांबूच्या कमठ्या घालून धागे वेगळे केलेले. आधी जांभळा, मग काठाला पिवळा. दोन्ही बाजूंनी माणसं कुंचे घेऊन मागेपुढे चालत होती, खळीचा हात फिरवत, तुटलेला धागा चालता चालता बोटांनी वळून जोडत. कोणी कोणाला सांगत नव्हतं. पाजण त्या दिवशी एका घराची होती आणि हात नऊ घरांचे होते. उद्या दुसऱ्या घराची.

मी कडेला उभी राहिले. कमरेला पदर खोचलेली एक बाई माझ्यापुढे आली आणि माझ्या हातात कुंचा दिला. ही तुळसामाय निमजे, पट्ट्याची कारभारीण. वय पन्नाशीच्या पुढे, आवाज भोंग्यासारखा.

"मी नगरपालिकेतून आलेय," मी म्हटलं. "फक्त बघायला."

"पाहा न. कोन ना म्हनते? पन पट्ट्यावर रिकाम्या हातानं उभं राहत नाहीत."

मी आठ वाजेपर्यंत चालले. माझ्या हाताने चार धागे तोडले, तुळसामायने चारही जोडले आणि प्रत्येक वेळी "शिकेल, शिकेल" म्हणाली, जणू मी तिच्याकडे कामाला लागले होते. कोणाच्या तरी चुलीवरचा चहा आला. एक म्हातारा मला सांगत होता की या खुंट्याला त्याच्या आज्याने हात लावलेला आहे. दुसरा म्हणाला, तो खुंटा गेल्या पोळ्याला बदलला.

साडेआठला धागा गुंडाळला गेला. कमठ्या गेल्या, माणसं गेली, घराघरातून मागांचे आवाज सुरू झाले. पट्ट्यावर तीन कोंबड्या उरल्या. आणि जमिनीवर खळीचे काही ओले थेंब. मी ते थेंब बराच वेळ बघत बसले. ऑफिसला उशीर झाला.

*

टंकलेखिका बाळंतपणाच्या रजेवर होती, म्हणून सुनावणीच्या दोनशे बारा नोटिसा मीच टाईप करत होते. साचा ठरलेला: नगरपालिका सभागृह, वेळ सकाळी अकरा ते सायंकाळी पाच. क्रमांक आणि नाव तेवढं बदलायचं.

एकतिसाव्या नोटिशीवर मी हे टाईप केलं:

"स्थळ: कोष्टीपुऱ्यामागील पट्टा, जागेवर. दिनांक: २० फेब्रुवारी. वेळ: सकाळी ६.३०."

मग बत्तिसावी नोटीस, पुन्हा अकरा वाजता.

साहेबांची एक ख्याती होती. सही केलेला कागद ते बदलत नसत. "सही झाली की कागद माझा राहत नाही," असं म्हणायचे. एकदा स्वतःच्याच रजेच्या अर्जावर चुकून मंगळवारऐवजी बुधवार लिहिला, तर ते मंगळवारी ऑफिसला आले आणि बुधवारी घरी बसले. मी त्यावरच भिस्त ठेवली होती. सगळ्या नोटिसांची चळत त्यांच्यापुढे ठेवली आणि शेजारी उभी राहिले. पेन चालत होतं. एकतिसाव्या कागदावर ते थांबलं. साहेबांनी दौत पुढे ओढली, शाई भरली आणि सही केली.

दहा महिन्यांची नोकरी होती. मार्चअखेर अहवाल जायचा होता. ते दोन आठवडे मला वर्ध्याची गाडी सारखी आठवायची.

*

वीस तारखेला सव्वासहाला मी सायकलला घडीचं टेबल बांधून पोचले. सुनावणी म्हटली की टेबल लागतं. साहेब माझ्या आधी आले होते, मफलर, पॉलिश केलेले बूट, काखेत फाईल. मग नगराध्यक्ष वसंतराव डोणेकर जीपमधून आले, शालीत गुंडाळलेले, मागे सुनावणी समितीचे दोन सदस्य. डोणेकरांचा सूर चढलेला होता. ही कोणती वेळ, कोणी ठरवली, सभागृह काय जळालं का.

"नोटीस आहे," उकिडवे साहेब म्हणाले. "टेबल कुठे लावायचं, घोटकर?"

मी टेबल उघडून इकडे नेलं, तिकडे नेलं. ऐंशी हात धागा, त्याच्या दोन्ही बाजूंना चालणारी माणसं, आणि मग भिंती. मोकळ्या जागेत टेबल लावायला जागाच नव्हती. साहेब ते बघत होते. शेवटी मी टेबल मिटलं आणि भिंतीला टेकवलं.

पुढचं मी इतिवृत्तातूनच देते. अक्षर वाकडंतिकडं आहे, कारण तेव्हा माझ्या डाव्या हातात कुंचा होता.

"६.४५. कामकाज सुरू. हरकतदारांतर्फे श्रीमती तुळसाबाई निमजे यांनी मा. अध्यक्षांच्या हाती कमठी दिली."

इतिवृत्तात नाही ते असं: डोणेकर म्हणाले, "तुळसामाय, ओळखलं नाही का? मी नगराध्यक्ष हाओ."

"ओळखलं म्हनून तं हलकी देल्ली. सरळ धरा."

"६.५०. दोन्ही मा. सदस्यांस कुंचे देण्यात आले. एकाने थंडीचे कारण सांगितले. चालल्याने ऊब येते, असे हरकतदारांतर्फे निदर्शनास आणून देण्यात आले."

"७.०० वाजता नदीकडून वारा."

इथे मी लिहिणं थांबवलं होतं. वाऱ्याने नदीकडचा खुंटा हलला. खळ ओली होती आणि सगळा ताणा एका बाजूने सैल पडायला लागला. खुंट्याजवळचा माणूस दोर धरायला वाकला, पण दोन दोर सुटले होते आणि त्याचे दोन्ही हात एकालाच लागले. त्याच्या सगळ्यांत जवळ उकिडवे साहेब उभे होते. त्यांनी फाईल काखेतून टाकली आणि दुसरा दोर पकडला. बूट मातीत घसरले, मग टाच रोवली गेली. धागा पुन्हा सरळ झाला.

"आता सोडू नका साहेब," श्रावणजी लांबून म्हणाले.

"किती वेळ?"

"सुकेपरेंत."

पट्ट्यावर कोणी हसलं नाही. सगळे आपापल्या कामाला वाकले, आणि वाकलेल्या पाठी मात्र हलत होत्या.

साहेबांनी दोर धरूनच सुनावणी घेतली. फाईल मातीत पडली होती, पण त्यांना कागद पाठ होता. त्यांनी विचारलं, या पट्ट्याऐवजी दुसरी जागा दिली तर? श्रावणजींनी उत्तर दिलं की रुंदी नको, लांबी पाहिजे, सरळ पाहिजे, पूर्वेला सावली पाहिजे आणि घर शंभर पावलांत पाहिजे, कारण ओला ताणा डोक्यावर घेऊन गावभर फिरता येत नाही. डोणेकर कमठी धरून म्हणाले, संकुलाच्या गच्चीवर करा की, लांब गच्ची बांधून देतो.

"गच्चीवरचा वारा काय तुमच्या नगरपालिकेचं आयकते?" तुळसामाय म्हणाली.

डोणेकरांनी मग त्यांची खरी अडचण सांगितली, आणि ती खोटी नव्हती. बाजार रस्त्यावर भरतो, गाळ्यांसाठी साठ माणसांचे अर्ज आहेत, त्यांना काय सांगायचं? तीही गावचीच आहेत.

श्रावणजी एक धागा जोडत होते. तो पूर्ण झाल्यावर त्यांनी मान वर केली. "साहेब, तुमच्या नोटिशीवर हरकती आनि सूचना असं छापलं हाये. हरकत झाली. सूचना आयकता का?"

"ऐकतो," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"बाजाराले लागून कोंडवाडा हाये नगरपालिकेचा. या पट्ट्याच्या दुप्पट. सात वर्सांत तिथं एक गाढव आलं. ते बी आपल्या मनानं."

एक सदस्य एवढा हसला की त्याचा कुंचा धाग्यात अडकला. तुळसामायने त्याच्या हातावर चापट मारली, खरोखरची. डोणेकर हसले नाहीत; ते विचार करत होते. कोंडवाडा रस्त्याला लागून होता, गाळ्यांना दर्शनी बाजू मिळाली असती. मग ते एकदम म्हणाले, "माह्या लग्नाची पंगत इथंच बसली होती न गा, श्रावणजी?"

"इथंच. ह्या टोकापासून त्या टोकापरेंत. वाढपी सायकलीवर होते."

"सायकलीवर नोहोते."

"दुसऱ्या वाढीले होते."

आणि मग कोणीतरी आपल्या लग्नाची पंगत सांगितली, कोणी बारशाची, आणि सुनावणी हातातून जायला लागली तेव्हा साहेबांनी घसा साफ केला. "घोटकर, लिहा." मी कुंचा खाली ठेवला. "समितीने जागेवर पाहणी केली. सकाळी सहा ते साडेआठ या वेळेत जागा मोकळी नाही. आरक्षण सतरा कोंडवाड्याच्या जागेवर हलवावे, अशी शिफारस." मग डोणेकरांकडे बघून, "अध्यक्षांची हरकत?"

"हरकत नाही," डोणेकर म्हणाले. "सूचना हाये. आता ही कमठी कोनी तरी घ्या."

"थांबा," तुळसामाय म्हणाली. "सुकाचं हाये."

पाऊण तास गेला. ऊन भिंतीवरून खाली उतरलं, धाग्यांना लागलं, आणि जांभळा रंग असा उजळला की डोणेकरही मान पुढे काढून बघायला लागले. तुळसामायने बोटांनी ताणा चाचपला आणि मान हलवली. साहेबांनी दोर सोडला तेव्हा त्यांच्या तळहातावर दोराचे पीळ उमटले होते, लालभडक, एकेक मोजता येईल असे. ते हाताकडे बघत राहिले.

श्रावणजींनी वाकून बघितलं. "घ्या साहेब," ते म्हणाले, "तुमाले पावती भेटली."

तेव्हा मात्र सगळा पट्टा हसला. साहेब सगळ्यांत शेवटी हसले, आणि सगळ्यांत जास्त वेळ.

*

परतताना मी सायकल हातात धरून त्यांच्या शेजारून चालत होते. टेबल कॅरिअरवर खडखडत होतं. मारुतीच्या देवळापाशी मी म्हटलं, "साहेब, नोटिशीवरची वेळ मी बदलली होती."

"माहीत आहे."

"मला वाटलं, चळतीत तुमच्या लक्षात येणार नाही."

"मी सही करताना कागद वाचतो, घोटकर," ते म्हणाले. "शाई भरेपर्यंत वेळ मिळाला, विचार करायला." मग तळहात चोळत पुढे म्हणाले, "पुढच्या वेळी हातमोजे आणायला सांगत जा नोटिशीत."

मार्चअखेर अहवाल गेला. मी कायम झाले.

नकाशावर मात्र अडचण आली. राहण्याच्या जागेला पिवळा, दुकानांना निळा, बागेला हिरवा. पाजणीला रंग नव्हता. मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, तुम्ही पाहिलंय, तुम्हीच ठरवा. मी पट्टा पांढराच ठेवला आणि सगळ्यांत बारीक निबाने त्यावर लांबीच्या दिशेने रेषा ओढल्या, एकमेकींना न चिकटणाऱ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन दिवस लागले. हात हलू नये म्हणून चहा सोडला. पुण्याहून मंजूर होऊन आराखडा परत आला तेव्हा रेषा तशाच होत्या, सूचीत त्यांच्यासमोर कोणीतरी सुबक अक्षरात लिहिलं होतं: पाजण.

कोंडवाड्यात चौसष्ट गाळे झाले. एकाला डोणेकरांनी हौसेने 'गाढव कॉर्नर' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव राहिलं. पट्ट्यावर आता आठवड्यातून दोनदाच ताणा लागतो, पण लागतो. बाकी दिवस पोरं खेळतात आणि लग्नाच्या पंगती बसतात. आता आराखडे संगणकावर होतात. मी निवृत्त झाल्यावर मला दोनदा व्याख्यानाला बोलावलं, विषय लोकसहभाग. दोन्ही वेळा मी ही हकिकत सांगितली, कोंडवाड्यापाशी लोक हसले, पावतीपाशी टाळ्या झाल्या. एक गोष्ट मी दोन्ही वेळा सांगितली नाही.

सर्वेक्षणाच्या दिवशी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, कोष्टीपुऱ्यामागच्या पट्ट्यावर टेपचं टोक धरून मी उभी होते. माझी निळी चप्पल खळीला चिकटली, मी ती ओढून सोडवली आणि वहीत लिहिलं: मोकळी जागा.